कठड्याच्या बुडाशी

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

किनाऱ्यावरच्या पायवाटेचा कारभार तुमच्याकडे. तिथे कठडा तुटून खाली पडून मेलेला वाटाड्या म्हणजे माझे भावजी. "कठड्यावर चढले असतील फोटो काढायला. बेफिकिरी, दुसरं काय," असं तुम्ही खुर्चीतून न उठता सांगितलंत. समोर माझी ताई उभी होती. "कठड्याच्या आत राहा" म्हणून ओरडून ओरडून ज्यांचा घसा बसायचा, त्या माणसाबद्दल तुम्ही तिला हे सांगितलंत!

घरी येऊन ताईने भावजींचे बूट धुतले, पुसले, आणि मला म्हणाली, "उद्या रजा टाक. कठडा कसा तुटला ते मला बघायचंय."

मी बस चालवतो. पायी चालणं मला जमत नाही, तरी गेलो. बरोबर भूगोलाचे निवृत्त सर आले, भावजींचे जुने मित्र. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

वाट बंद असल्याची फळी तुम्ही लावली होती. तिच्याखालून वाकून आम्ही आत शिरलो.

एका बाजूला उभा काळा कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मध्ये वाट, कुठे दोन माणसांपुरती, कुठे एकापुरतीही नाही. कड्याच्या पोटातून विटेसारखा लाल पट्टा लांबवर गेला होता. सर थांबले. "एकदा लाव्हा आला, थंड झाला, त्यावर माती साचली. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून काढली. तोच हा पट्टा."

"चढ संपल्यावर शिकवा, सर."

"चढ संपल्यावर श्वास राहील का, ड्रायव्हर?"

ताई हसली नाही. ती पुढेच चालत होती.

दुपारी जुनी दगडखाण लागली. कामगारांच्या खोल्यांना छप्पर नव्हतं. एका खोलीत भट्टीच्या काजळीने काळी पडलेली भिंत, हत्यारं टांगायच्या खुंट्या, आणि छिन्नीने कोरलेले हाताचे पंजे. "खाणीत मेलेल्या प्रत्येकाचा एक," सर म्हणाले. ताईने एका पंज्यावर आपला हात ठेवून बघितला. "यांना तरी कोणी बेफिकीर म्हटलं नाही," ती म्हणाली.

बाहेर खडकावर छिद्रांची सरळ रांग होती. तिच्यावरून बोट फिरवत सर सांगू लागले, "अशी छिद्रं पाडायची, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं आणि दगड रांगेवर उभा चिरतो. सुरुंग लागत नाही."

खाणीपुढे वाट बिघडली. एका घळीत लाटा वरपर्यंत उडत होत्या. ओल्या दगडावर मी घसरलो, कोपर सोलून निघालं. सर बसून बसून सरकत आले. वारा असा होता की बोललेलं तोंडातच परत यायचं.

मग ती जागा आली.

तिथला कडा सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला होता. तुटलेल्या कडेवर अर्धी अर्धी छिद्रं दिसत होती, ओळीने. पुढे कठडा अजून उभा होता, आणि त्याच्या खांबाखांबातून एक बारीक भेग गेली होती.

ताई गुडघ्यांवर बसली. एका खांबाच्या बुडाशी तिने बोट घातलं. "सर, यात लाकूड आहे."

छिद्र मोठं, खांब बारीक. हलू नये म्हणून भोवती लाकडी पाचरी ठोकलेल्या. वरून दिवसरात्र लाटांचं पाणी. सरांचा चेहरा उतरला. "नवी छिद्रं पाडायला नकोत म्हणून खाणीच्या लोकांनी इथवर पाडून ठेवलेलीच वापरली. हा दगड फोडण्यासाठी आखलेला होता गं."

म्हणजे तुमच्या कठड्यानेच कडा फोडला, साहेब.

सरांनी फोनवर फोटो काढले, फोन खांद्यावरच्या पिशवीत टाकला आणि समुद्राकडच्या बाजूने बघायला भेग ओलांडली. ताई खांब हलवत होती. "हा साहेबांच्या टेबलावर ठेवणार मी." खांब निघाला, बुडाला फुगलेल्या पाचरी चिकटलेल्या. तिने तो छातीशी धरला.

खालून कडकड आवाज आला.

"सर, इकडे या!"

सरांनी पाय उचलला. गुडघा अडला. भेग रुंदावली. ताईने खांब टाकला आणि सरांचा हात पकडला. मी ताईची कंबर धरली. ओढ! पिशवीचा बंद तुटला. सरांच्या पायांखालचा दगड गेला. आम्ही तिघे मागे आदळलो, आणि समोर नुसतं आकाश उरलं.

खांब गेला, पिशवी गेली, फोटोही गेले.

"माझ्यापायी पुरावा टाकलास," सर पुटपुटले.

"आधी मागे सरका," ताई म्हणाली. परत जाताना तिने त्यांना पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेनंतर मी घेतलं.

पण साहेब, समुद्राने सगळं नेलेलं नाही. पुढच्या वळणावर तुमचा कठडा उभा आहे, त्याच खाणीच्या छिद्रांत, तशाच पाचरींवर. लाकूड रोज भिजतंय. आणि तुम्ही फळी काढून शाळांच्या सहली सोडणार, असं कानावर येतंय.

या एकदा. वाट ताई दाखवेल. खांबाच्या बुडाशी स्वतःचं बोट घालून बघा. मग तिच्या डोळ्यांत बघून सांगा, बेफिकीर कोण होतं?