धक्क्याच्या पायरीचा दगड

"हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं," नारायणराव मास्तर म्हणाले आणि त्यांनी कंदिलाची वात खाली ओढली. सुटीला शहरातून आलेली ओट्यावरची पुतणे-भाचे मंडळी गप्प झाली. मास्तरांनी तीस वर्षं सोनाळ्याच्या शाळेत काढलेली. गोष्टसुद्धा ते धडा शिकवल्यासारखी नीट पुस्तकी भाषेत सांगत, आणि मधे कोणी चुळबुळ केली की थांबत. "ऐकीव नाही ही. आपल्या गावच्या शेषरावला तुम्ही ओळखता. खालच्या आळीतला, हाक मारली तरी ओ न देणारा. तो पहिल्यापासून तसा नव्हता. आता ऐका."

शेषरावचा थोरला भाऊ मोतीराम. घरची चार एकर जमीन, वांगी-मिरचीचा मळा, खाऊनपिऊन बरं घर. तरुणपणी मोतीराम कापसाच्या जिनात कामाला होता. तिथं एकदा गठाण डाव्या पायावर पडली आणि करंगळीसकट दोन बोटं गेली. तेव्हापासून त्याचं एक पाऊल जड पडे, एक हलकं. डाव्या चपलेची कड तो विळ्यानं कापून टाकी. अंगणात त्याचा पाय वाजला की बायको सत्यभामाबाई चुलीपुढून न उठताच म्हणे, "आले." पुढे त्या गठाणींच्याच मागोमाग हा गडी मुंबईच्या बंदरावर गेला आणि तिथल्या एका जुन्या धक्क्यावर हमाल झाला.

घरी मळा असताना तिकडे ओझी वाहायला कशाला, असं सगळं गाव त्याला विचारी. पोळ्याला तो यायचा, पण तीन दिवसांत त्याचं चित्त उडायचं.

"सांजीले धक्क्याच्या पायरीवर बसावं शेषा, पाय पान्यात सोडून," तो सांगे. "जहाजाचे दिवे लागले की मानूस सारं भुलते. घर भी."

हे तो बायकोसमोर बोले. बाई ऐके आणि ताटात भाकरी वाढे.

१९६४च्या पावसाळ्यात मोतीराम त्याच पायरीवरून नाहीसा झाला. चपला पायरीवर सापडल्या, डावी कड कापलेली. माणूस सापडला नाही. देह नाही म्हणून क्रियाही झाली नाही, आणि सत्यभामाबाई रोज कुंकू लावत राहिल्या. पहिलं वर्ष त्या रडल्या. दुसऱ्या वर्षी मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिल्या. मग दोन्ही थांबलं. शेषरावला भावाचा चेहरा आठवेनासा झाला होता आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. पोरांनो, दुःखापेक्षा हे वाईट.

१९६८च्या दिवाळीनंतर एक कार्ड आलं. ते मीच वाचून दाखवलं. लिहिणारा पुंजाजी, दुसरबीडचा, मुंबईत मोतीरामचा खोलीतला जोडीदार. मजकूर एवढाच, की जुना धक्का बंद झाला, समुद्रात भर टाकणं चालू आहे, तिथं रस्ता होणार, बाग होणार, बाकं बसणार. मोतीरामची पायरी आठवड्याभरात बुजेल. काही करायचं असेल तर आता या, नंतर जागा राहणार नाही.

"भाऊजी, तुम्ही जा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जीवखडा घेऊन या."

जीवखडा तुम्हा शहरातल्यांना ठाऊक नसेल. माणूस गेला की त्या जागचा एक दगड उचलायचा. दहा दिवस त्याचा जीव त्या दगडात राहतो, दहाव्याला तो नदीत सोडायचा.

"ते आले तं मले कळन," बाई म्हणाल्या. "मंग पुसीन कुंकू. तवरिक नाही."

शेषराव गेला. धक्क्यावर ट्रकांची रांग लागलेली. ट्रक मागं यायचा, फाळका उघडायचा, आणि दगड-मुरूम धाडकन पाण्यात. पुंजाजी रिकाम्या हातांनी उभा होता.

"ज्या जागी आमच्या पाठी मोडल्या, तिथं आता लोकं हवा खायले येतीन," तो म्हणाला. रागावून नाही. बाजारभाव सांगावा तसा.

अकरा पायऱ्यांपैकी सात मुरमाखाली गेल्या होत्या. चार उरल्या होत्या.

"या पायरीवरून गेला तो," पुंजाजी म्हणाला. "त्याच्या पयले भी लय गेले. कोन्या मुलखाचे, कोनाचे, कोनाले मालूम? म्हनून नाव घेऊन बोलाव, मोठ्यानं. नाव घेतल्याबिगर खडा उचलू नको. अन् घर येईपर्यंत भुईवर ठेवू नको. मांगं पाहू नको."

शेषराव शेवटच्या पायरीवर उतरला. आता इथं त्याची चूक झाली, आणि ती आपल्याकडच्याच माणसाची चूक. थोरल्या भावाचं नाव त्यानं जन्मात घेतलं नव्हतं. मोठ्यांना नावानं हाक मारायची नाही, हे घरचं वळण. त्यानं तोंड उघडलं, जीभ वळली नाही. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

"दादा," तो म्हणाला, "चाल घरी."

पाणी एक पायरी चढलं आणि उतरलं. त्यानं मुठीएवढा दगड उचलून नव्या पंच्यात बांधला.

"नाव घेतलं?" पुंजाजीनं वरून विचारलं.

"हाव," शेषराव म्हणाला.

रात्र बुधवारची. २० नोव्हेंबर १९६८, कार्तिकी अमावस्या. अमावस्येला असलं काही घेऊन कोणी घरी येत नाही, पण गाडी सहा तास उशिरा आली त्याला तो काय करणार? शेगावहून शेवटची एसटी मिळाली. तिनं पावणेअकराला अलीकडच्या फाट्यावर सोडलं. तिथून सोनाळा दोन कोस. दोन्ही बाजूंना कपाशी, वर चांदण्या, रस्त्यात घोट्याएवढी धूळ.

पहिला अर्धा कोस काहीच झालं नाही.

मग त्याला जाणवलं की खांद्यावरचं गाठोडं ओलं झालंय. पाणी पाठीवरून ओघळत होतं. त्यानं बोट जिभेला लावलं. खारं. पूर्णेकाठच्या विहिरींचं खारं पाणी त्यानं पुष्कळ प्यायलेलं. हे ते नव्हतं.

आणि मागून आवाज आला.

चप... चप...

कोरड्या धुळीत ओले पाय.

तो थांबला. आवाज थांबला. तो चालला. आवाज चालू झाला.

"दादा?"

...

तो पुढं बघत चालत राहिला. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. फक्त कान जागे होते. आणि कानांनी ऐकलं ते असं, की मागची दोन्ही पावलं सारखी पडत होती.

एक जड, एक हलकं... नाही.

चप. चप. सारखी.

गाठोडं तिथंच टाकून देता आलं असतं. पण मग वहिनीला काय सांगायचं? चार वर्षांनी? त्यानं विचार करणं सोडून दिलं. चालत राहिला.

एक वाजता घर आलं. सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या. एका हातात चिमणी, एका हातात भाकरतुकडा. लांबून आलेल्या माणसावरून तो ओवाळून टाकल्याशिवाय आपण त्याला घरात घेत नाही. बाई शेषरावकडे बघत नव्हत्या. मान कलती करून ऐकत होत्या.

चप... चप...

अंगणात येऊन थांबलं.

बाईंनी तुकडा शेषराववरून ओवाळला. मग त्याच्या मागच्या मोकळ्या जागेवरून ओवाळला. बाहेर टाकला. बाजूला सरून वाट दिली.

चिमणीची ज्योत वाकली.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "नाव घेतलं व्हतं?"

शेषरावनं दगड कोनाड्यात ठेवला.

सकाळी अंगणातून, उंबरठ्यावरून, थेट कोनाड्यापर्यंत पावलं उमटली होती. मिठाची, पांढरी. प्रत्येक पावलाला पाच बोटं. आत येणारी होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

बाईंनी ती वाकून पाहिली. मग आरशापुढं जाऊन रोजच्यासारखं कुंकू लावलं.

"हा दुसऱ्या कोनाचा तरी दादा हाय," त्या म्हणाल्या. "त्याची घरवाली वाट पाहून राह्यली असन. याले त्याच पायरीवर सोडून या. अन् या बारीनं नाव घ्या."

पण शेषरावला तापानं धरलं, मग सुगी आली, मग पाऊस. जाऊ जाऊ म्हणता १९७०चा चैत्र उजाडला. तोवर दगड कोनाड्यात होता आणि बाई त्याच्यापुढंही रोज दिवा लावत होत्या, घरात पाहुणा आहे म्हणून.

तो गेला तर धक्का नव्हताच. रुंद रस्ता, दगडी बाकं, विजेचे दिवे, भेळवाले, फुगेवाले. समुद्र पार पलीकडे गेलेला. खरं सांगायचं तर जागा सुंदर झाली होती, शेषराव स्वतः कबूल करतो. लोक वाऱ्याला बसले होते, लेकरं पळत होती. पायऱ्या त्यांच्या पायांखाली कुठंतरी होत्या. नेमक्या कुठं, हे सांगायला पुंजाजीही उरला नव्हता. तो दुसरबीडला परतला होता. तासभर शेषराव हातात गाठोडं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. दगड ठेवायला जागा नव्हती.

शेवटी तो गर्दीत उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा ओरडला, "मोतीराम! चाल घरी!"

दोघातिघांनी वळून पाहिलं. मग ते पुन्हा भेळ खायला लागले.

तोच दगड घेऊन शेषराव परत आला. फाट्यावरून घरापर्यंत कान लावून चालला. मागं काहीच नव्हतं. गाठोडं कोरडं होतं. बाई भाकरतुकडा घेऊन उभ्याच होत्या.

"कोनी नाही वहिनी," तो म्हणाला.

त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. अंगणात नुसता अंधार. तुकडा त्यांनी शेषराववरून ओवाळून टाकला, दार लावलं आणि कडी घातली.

सकाळी दार उघडलं तर उंबरठ्याच्या बाहेर एक पाऊल होतं. एकच. डावं. पांढरं.

तीन बोटांचं.

अंगठा घराकडे होता. उंबरठा ओलांडलेला नव्हता. अंगणात दुसरं कुठलंही पाऊल नव्हतं, येणारं नाही, जाणारं नाही.

सत्यभामाबाई दुपारपर्यंत त्याच्याशेजारी बसून होत्या. कडीकडे बघत. शेषराव आतून बघत होता. त्याला रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही. मग बाईंनी पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं.

मास्तर थांबले.

"मास्तर," एकानं हळूच विचारलं, "ते पाऊल...?"

"चार पावसाळे झाले," मास्तर म्हणाले. "अंगण रोज सारवतात. सारवण वाळलं की पांढरं वर येतं." त्यांनी कंदील उचलला. "उद्या उजेडी जाऊन पाहा. बाई आत बसू देतात, पाणीही देतात. फक्त उंबरठ्यापाशी जपून. त्याच्यावर पाय देऊ नका."