वाटेवरची लाल टोपी

“पुन्हा तोच लाल ठिपका!” असं ओरडून लेबरेख्तनं पांढऱ्या रंगाचा कुंचला चित्रातल्या वाटेवर फिरवला, आणि तिथं उभी असलेली नखाएवढी लाल टोपीवाली मुलगी ओटिलीच्या डोळ्यांदेखत बर्फाखाली गेली... दुसऱ्यांदा! पहिल्यांदा गेली होती ती खरोखरीच्या, गोठलेल्या एल्बे नदीत, त्यांची एकुलती एक लेक मेख्टिल्ड!

डोंगर, धुकं, आभाळ रंगवावं ते लेबरेख्तनंच, हे सारं ड्रेस्डेन मान्य करी. पण त्याची माणसं म्हणजे निव्वळ बटाट्याची पोती! म्हणून चित्रातली चिमुकली माणसं बायको, ओटिली, काढायची आणि खाली सही नवऱ्याची. लग्नानंतर स्वतःची चित्रं सोडून दिलेल्या त्या माउलीला त्याचंही कधी काही वाटलं नाही. लेक गेल्यावर मात्र तिनं एकच मागितलं होतं, दर चित्रात मेख्टिल्डला एवढीशी जागा...

“लोक डोंगर विकत घेतात, ओटिली, तुझं रडं नव्हे!”

ती मुकाट्यानं मेंढपाळ नि लाकूडतोडे काढत म्हातारी झाली आणि छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली.

त्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकानं जुनं चित्र वार्निशासाठी परत पाठवलं. लेबरेख्तनं ते खिडकीशी नेलं मात्र, आणि उजेडात पुन्हा पुन्हा तिरपं करून पाहिलं. वरचा रंग काळानं विरळ होतो नि खालचा वर दिसू लागतो, हे इतका मोठा चित्रकार साफ विसरला होता! पांढऱ्या वाटेवर लाल टोपी उभी होती.

चित्र उराशी धरून तो तिच्या बिछान्याशी आला.

“ओटिली, आली गं ती परत! गिऱ्हाइकांसाठी नाही गं पुसली मी तिला... ‘बाबा, बर्फ कडकडतोय,’ म्हणाली होती ती त्या दिवशी नदीवरून. आणि मी म्हणालो, ‘थांब, एवढा ढग होऊ दे...’”

“ठाऊक होतं मला.” तिनं त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. “तुम्ही घरी आणलेल्या कागदावर ढग पुरा झाला होता हो...”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर पुन्हा कुंचला धरला असतात तुम्ही?”

तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग नवं चित्र त्यानं बिछान्याजवळ ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या वाटेवर स्वतः माणूस काढू लागला. मुलगी बेढब झाली. शेजारच्या झाडाच्याही वर गेली तिची टोपी! शरमेनं त्यानं मान खाली घातली.

ओटिली मात्र एकटक बघत राहिली. धाप लागली होती, तरी तिच्या ओठांवर हसू फुटलं.

“अगंबाई... केवढी मोठी झाली हो आपली पोर!”

टोपीचा रंग ओला होता तोवरच ओटिली गेली.