आबांची हरवलेली झडप

नकाशात झडप होती. तक्त्यात नव्हती. आणि आबांचा पारा चढला होता.

"या खटूनेच खाल्ली माझी झडप!"

खटू म्हणजे बांधकाम करणारा यंत्रमानव. लोखंड खायची त्याला सवय नव्हती. "तक्त्यात असतं तेच मी बसवतो, आबा," तो आपल्या सपाट आवाजात म्हणाला. "तक्त्यात ही झडप नाही."

जुईने हसू दाबलं, कारण प्रकरण गंभीर होतं. बेटावरच्या त्यांच्या गावासाठी समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभा राहत होता. त्याचं आरेखन (कुठली टाकी कुठे, कुठला नळ कशाला जोडायचा याचा नकाशा) तिच्या आबांनी, म्हणजे निवृत्त अभियंता विश्राम केळुसकरांनी केलं होतं. तक्ता म्हणजे त्यातल्या सगळ्या भागांची यादी; आज संध्याकाळी त्यावरूनच सामानाची मागणी जाणार होती. ही झडप एकमार्गी होती (पाण्याला पुढे जाऊ देणारी, मागे फिरू न देणारी). ती नसेल, तर गाळणी धुणारा पंप थांबताच खारं पाणी उलटं फिरून गोड्या टाकीत शिरेल. मग गावाने इतकी वर्षं वाट पाहिलेलं पाणी तोंडात धरवणार नाही.

मोठ्या पडद्यावर डावीकडे आरेखन होतं, उजवीकडे तक्ता.

"आबा, ही दोन वेगवेगळी कामं आहेत का?" जुईने विचारलं.

"छे गं! साठवलेली माहिती एकच. तिच्याकडे दोन खिडक्यांतून बघायचं. या खिडकीतून चित्र दिसतं, त्या खिडकीतून नोंदी. हात लावून बघ."

जुईने डावीकडच्या पंपाला बोट लावलं. उजवीकडे पंपाची ओळ उजळली: नाव, ताकद, धातू, सगळं. मग तिने तक्त्यात एका नळाची जाडी बदलली, तर चित्रात त्या नळावरचा आकडाही बदलला. तिने तो घाईघाईने पुन्हा होता तसा केला.

आता तिने आबांच्या झडपेला बोट लावलं. झडप उजळली नाही, उजळली फक्त एक तिरकी रेघ. पुन्हा लावलं, तर शेजारची रेघ. तक्ता मात्र ढिम्म.

"आबा, ही झडप तुम्ही कशी काढलीत?"

"कशी म्हणजे? हाताने! टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वर बाण. चाळीस वर्षं अशीच काढतोय."

"मग ही झडप नाहीच. या नुसत्या रेघा आहेत," जुई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आबा पडद्याजवळ सरकले. कागदावर त्या रेघा बघून माणूस ओळखायचा की ही झडप आहे. संगणकाला मात्र ते सांगावं लागतं. बाकीच्या झडपा आबांनी चिन्हसंग्रहातून (तयार चिन्हांच्या पेटीतून) घेतल्या होत्या. ही एकच शेवटी सुचली, आणि हात जुन्या सवयीने चालला.

"खटू, तू सुटलास," ते म्हणाले. त्यांनी एकेक रेघ पुसली. इतक्या सुबक रेघा पुसताना त्यांना वाईट वाटलं, हे जुईला दिसत होतं. मग त्यांनी पेटीतली एकमार्गी झडप उचलून नळावर ठेवली. नळ तिथे आपोआप तुटून तिला जागा झाली आणि उजवीकडे नवी ओळ उमटली.

"एकमार्गी झडप. मागणीत घेतली," खटू म्हणाला.

जुईने त्या ओळीतला शेऱ्याचा रकाना उघडला आणि लिहिलं: 'रेखाटन – विश्राम केळुसकर'.

"हे कशाला गं?"

"पुढे कधीतरी कोणीतरी ही झडप बदलायला येईल. चित्रात तिला बोट लावेल, आणि तुम्ही सापडाल."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. मग चित्रातल्या झडपेला बोट लावून त्यांनी ओळ उजळवली आणि शेऱ्यापुढे आणखी दोन शब्द जोडले: 'तपासणी – जुई'.