तिसरी शिट्टी

उंचखडक वस्तीत कानामागे नजरमणी नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. मूल दोन वर्षांचं झालं की कान टोचतात तसा हा मणी बसवायचा. आकार हरभऱ्याएवढा, आगाऊपणा डोंगराएवढा. माणूस दिवसभर काय बघतं ते सगळं टिपून ठेवणार. कॅमेऱ्याची साक्ष कधीच बंद झाली होती, कारण कोणाचंही तोंड कोणाच्याही धडावर चिकटवता येऊ लागलं होतं. मणी मात्र थेट डोक्यातलं चित्र उचलायचा. तिथे कोण बनाव करणार, असं शहाण्यांचं म्हणणं.

अनसाबाईंचंही तेच म्हणणं होतं, परवापर्यंत.

परवा भर दुपारी थंड ठेवलेल्या बीजघराचं दार उघडं राहिलं आणि वस्तीचं तीन वर्षांचं बियाणं उबून गेलं. बीजघर सांभाळायची अनसाबाईंची सून शेवंता. ती म्हणाली, मी तिकडे फिरकलेच नाही. पण सासूबाई अंगणात उभ्या होत्या, आणि त्यांच्या मण्यात शेवंता त्या दारातून बाहेर पडताना स्वच्छ दिसत होती. आरोपीचा स्वतःचा मणी पंच धरत नसत. माणूस स्वतःबद्दल मनात काहीही रचतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. उद्या शेवंताला वस्तीबाहेर काढणार, हे ठरल्यासारखंच होतं. पण सून खोटं बोलत नाही, हेही अनसाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"मणी चुकतो का, एवढंच सांगा," अनसाबाई डॉक्टर कीरबाईंसमोर ठाण मांडून बसल्या. कीरबाई मण्यांवर संशोधन करायच्या.

"मणी नाही चुकत. तुम्हाला दिसलं तेच तो उचलतो. पण दिसलेलं सगळं डोळ्यांनी आणलेलं नसतं. डोळा आणतो थोडंसं. त्याला आम्ही आवक म्हणतो. बाकीचं चित्र मन आपल्या सवयीने भरून काढतं. ती भर."

"म्हणजे मी खोटं बघते?"

"सगळेच बघतात. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजता ना?"

मागच्याच आठवड्यात तीन शिट्ट्या झाल्या म्हणून अनसाबाईंनी शेगडी बंद केली होती. सून म्हणाली, आत्या, दोनच झाल्या. माझे कान शाबूत आहेत, म्हणून त्यांनी तिला झापलं. डाळ कच्ची निघाली.

"मला तिसरी ऐकू आली होती," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ."

"आलीच असणार. तुम्ही तिची वाट बघत होता."

"मग परवाही मी वाटच बघत होते. ही कुठे चुकते त्याची. काढा ती भर बाजूला."

"एका दुपारच्या नोंदीवरून ती निघत नाही. तुमचं मन शेवंताला कसं रंगवतं, ते यंत्राला तिच्या लग्नापासूनच्या तुमच्या बारा वर्षांच्या नोंदींतून शिकावं लागेल. आणि नियमाने ते सगळ्या सभेसमोर करावं लागतं. तुमच्या घरातलं सगळं गाव बघेल."

"बघू दे. गावाला दुसरं काम काय आहे?"

घरी मुलगा हात जोडायला लागला. "आई, घरातलं बाहेर कशाला?"

"बायको बाहेर काढतायत तुझी, ते चालतं का?"

सकाळी सभेत पडदा लागला. कीरबाईंनी भर काढली आणि दारातली शेवंता पुसली गेली. तिथे उरली वाऱ्यावर फडफडणारी निळी ताडपत्री, आणि झिजलेल्या कडीतून आपोआप सुटणारं दार. पंचांचे अध्यक्ष खाकरले. "सून निर्दोष."

यंत्र मात्र थांबलं नव्हतं. शिकायला उघडलेली बारा वर्षं ते मागे मागे दाखवत चाललं होतं. ओट्यापाशी शेवंता, हात स्पष्ट, पोळी स्पष्ट, तोंडाच्या जागी राखाडी धब्बा. पंगतीत धब्बा, आजारपणात धब्बा. शेवटी लग्नाचा दिवस आला, अंतरपाट दूर झाला, तेव्हा कुठे बावीस वर्षांच्या पोरीचा लखलखीत चेहरा दिसला.

"याचा अर्थ काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्या दिवसानंतर चेहऱ्याची आवक नाही," कीरबाई हळूच म्हणाल्या. "पुढचा सगळा मनानेच काढलेला."

आणखी कोणाला आपला मणी तपासून घ्यायचाय का, असं अध्यक्षांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

अनसाबाई उठल्या. कानामागचा मणी उपटून त्यांनी टेबलावर ठेवला. सुनेची हनुवटी धरून तिला खिडकीच्या उजेडात वळवलं. कानशिलावर पांढरे केस होते. गालावर भाजल्याचा जुना डाग.

"हे कधी झालं?"

"सात वर्षं झाली, आत्या," शेवंता म्हणाली. "फोडणी तुम्हीच देत होता. मी समोर उभी होते."