मेंढरं मोजायची नसतात

ते साल दोन हजार सतराचं. डिसेंबरातली अमावास्या होती आणि लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीतून एकटी आरोही उतरली.

भूमची पोर. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मेंदूच्या आजारांवर पीएच.डी. करत होती, आईबापाकडून लेकरांत उतरणारे जे आजार असतात, त्यांच्यावर. पाठीवरच्या सॅकमध्ये रक्त घ्यायच्या नळ्या, हातात फॉर्मांचा गठ्ठा. आणि समोर… गावच नाही. म्हणजे घरं होती, दुकानं होती, पण माणूस नाही. दारोदार कुलपं. हॉटेलची भट्टी थंड. एका कुत्र्यानं तेवढं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि ते पुन्हा झोपलं.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी लोहाऱ्यात काम घेऊन यायचं, ही चूक परजिल्ह्यातल्या माणसानं केली असती तर शोभली असती. पण भूमकडं येळवस एवढी जोरात नसते, आणि आरोहीचं डोकं तेव्हा बंगळूरच्या कॅलेंडरवर चालायचं.

एक मोटारसायकल तिच्यापुढं येऊन थांबली. टाकीवर, चालवणाऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध, मातीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"कुणाकडं जायचंय, मॅडम?"

"धुळाप्पांकडं. पूर्वी मेंढरं राखायचे ते…"

त्यानं तिच्या हातातल्या गठ्ठ्याकडं बघितलं. "घरी कुणी न्हाय. आज सगळं गाव वावरात. येळवस हाय. बसा, नेतो."

"अहो, पण ओळख ना पाळख—"

"येळवशीला वळख लागत न्हाय. वावरात पाय ठेवला की जेवल्याबिगर सोडत न्हाईत. फकस्त एक काम करा. ही आंबील धरा. हँडल अन् बिंदगं, दोन्ही सांभाळंना मला."

आणि कशी कोण जाणे, आरोही त्या मोटारसायकलवर बसली. मांडीवर बिंदगं, बिंदग्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, आणि बिंदग्याखाली फॉर्मांचा गठ्ठा. दोन्ही बाजूंनी हुरड्यात आलेली ज्वारी. वाऱ्याला ताकाचा आणि ओल्या मातीच्या मडक्याचा वास.

एका वावरातून कुणीतरी ओरडलं, "ओ डॉक्टर! आमच्याकडं बी या की आंबील प्यायला!"

"तुम्ही डॉक्टर?" आरोहीनं विचारलं.

"जनावराच्या दवाखान्यात पर्यवेक्षक हाय. वैजनाथ. लोकं डॉक्टर म्हणत्यात, किती जणांना न्हाय म्हणायचं? अन् तुम्ही?"

"मी पण… म्हणजे अजून नाही. लोक मात्र म्हणतात."

"मंग झालं की! दोन खोटे डॉक्टर अन् एक बिंदगं."

ती हसली, खड्डा आला, आणि आंबील फॉर्मांवर सांडली. तशीच हसत तिनं सांगितलं की धुळाप्पांच्या घराण्यात चालताना तोल जाण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं सोलापूरच्या एका डॉक्टरांनी कळवलंय. तिला त्यावरच काम करायचंय.

गाडीचा वेग कमी झाला.

"धुळाप्पा माझे वडील," तो म्हणाला.

वावरात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी होती. आत पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांच्यापुढं भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. धुळाप्पा पाहुणीसाठी उठला. बावन्न वर्षांचा माणूस, गळ्यात माळ, पाय फाकवून चालत आला. बांध सपाट होता, पण तो ढेकळांतून चालल्यासारखा चालत होता. आरोहीनं आपलं बोट त्याच्यापुढं धरलं आणि ती म्हणाली, माझ्या बोटाला आणि मग तुमच्या नाकाला हात लावा. त्याचं बोट हवेत चाचपडलं, चुकलं, पुन्हा गेलं, पुन्हा चुकलं.

"अठरा वर्सं माळ हाय गळ्यात, पोरी," तो अडखळत म्हणाला. "थेंब घेतला न्हाय. पर रस्त्यानं निघालो की लोकं म्हणत्यात, बगा, घेऊन आला."

"काका, औषध नाही यावर. अजून तरी नाही," आरोहीनं खरं तेच सांगितलं. "पण या आजाराला नाव आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो तोल सांभाळतो. तो थकत चाललाय. यात तुमचा काही दोष नाही."

"नाव हाय?" धुळाप्पानं विचारलं. मग उपरण्यानं डोळे पुसत तो मटकन खाली बसला. "नाव हाय म्हणं, हरणा…"

हरणाबाई त्याची थोरली बहीण. लवकर रांडाव झालेली, तेव्हापासून भावाकडं. त्याचे पाय गेल्यावर मेंढरं तिनंच राखली. आरोही वंशावळ काढायला बसली तेव्हा ही बाई चार पिढ्या घडाघडा बोलली; कोण कुठं दिली, कुणाचे पाय कितव्या वर्षी गेले. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याला आजार झाला त्याचा काळा भरायचा. कागद आंबलीनं ओला होता, शाई पसरत होती.

मध्येच आरोहीनं सहज विचारलं, "आणि मेंढरं किती आहेत, आत्या?"

हरणाबाईनं तोंडावर हात ठेवला. "मेंढरं मोजायची नसत्यात, पोरी. मोजली की लांडग्याला आकडा कळतो."

"मग एखादं हरवलं तर कसं कळणार?"

"मोजणाऱ्याला कळतंय, एक कमी हाय. मला कळतंय, कोण न्हाय."

वैजनाथ मागं उभा राहून कागद बघत होता. "ह्यात मी कुठला?"

तिनं दाखवलं. काळ्या चौकोनाखाली एक रिकामा चौकोन.

"आत काय हाय?"

"अजून काही नाही. म्हणजे… निम्मी निम्मी शक्यता असते. एका जनुकात तीन अक्षरांचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. सगळ्यांच्यातच येतो. पण तुमच्या घराण्यात काहींच्यात फार जास्त वेळा येतो. आमचं मशीन ते मोजतं."

"मोजतंय," तो आत्याकडं बघत हळूच म्हणाला. "मंग मला नको."

त्या दिवशी वावरात जमलेल्या भावकीकडून सव्वीस नळ्या भरल्या. तिला सत्तावीस हव्या होत्या. या शाखेत वैजनाथ सोडून दुसरा मुलगा नव्हता, आणि तिचा अर्धा प्रबंध या एका शाखेवर उभा होता. तो आपण होऊन शेवटी आला, बाही दुमडत.

"आप्पासाठी देतो. पण मला सांगायचं न्हाय. अन् तुम्ही बी बघायचं न्हाय."

"नळीवर नाव नसतं. नुसता आकडा असतो."

शेकडो माणसांचं रक्त तिनं घेतलं होतं, चिठ्ठी कधी चुकली नव्हती. सत्ताविसाव्या नळीवरची चिठ्ठी वाकडी चिकटली.

त्यानंतर ती दर दोन महिन्यांनी लोहाऱ्याला येऊ लागली. कधी फॉर्मावर सही राहिली म्हणून, कधी कुणाचं वय चुकलं म्हणून. एका खेपेला तिनं धुळाप्पासाठी एक कार्ड छापून आणलं: या गृहस्थांना तोल जाण्याचा आजार आहे, ते दारू पीत नाहीत, कृपया हात द्या. धुळाप्पानं ते माळेशेजारी, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. पहिल्या आठवड्यात त्यानं ते भेटेल त्याला दाखवलं. ज्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं त्यांनासुद्धा.

परत जाताना वैजनाथ तिला नळदुर्गपर्यंत सोडायचा. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत, ढाब्यावर दोघं चहा घ्यायचे.

"तुमच्या बंगळूरात मेंढरं न्हाईत का? सारखं इकडं येताव."

"उंदीर आहेत. पण ते बोलत नाहीत."

"मी बी कुठं लई बोलतोय?"

"चहा निवेपर्यंत बोलता. मग दुसरा सांगता."

तो लाजला, आणि दुसरा सांगितला.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी भुरभुर सुरू होती. तिची बस लागली, तरी ती उठली नाही. "मला अहो-जाहो करू नका," ती म्हणाली. "तू म्हणा की."

त्यानं कप खाली ठेवला. "तू म्हणलं की मागं फिरता येत न्हाय."

"कुणाला फिरायचंय?"

"आप्पाचे पाय चाळिशीत गेले. माझी चाळिशी यायचीय, आरोहीमॅडम. अन् त्याच्या पुढं काय, ते मला ठाऊक न्हाय. तुम्हाला बी न्हाय." मग उठत, "येळवशीला सांगतो."

"यंदा अधिक महिना येऊन गेलाय. येळवस पुढच्या जानेवारीवर गेलीय."

"तेवढाच एक महिना जास्त," तो म्हणाला, आणि तिची सॅक बसमध्ये ठेवून आला.

नोव्हेंबरात प्रयोगशाळेत लोहाऱ्याच्या नळ्या मोजणीला निघाल्या. दुपारची वेळ, खोलीत आरोही एकटी. रॅकमध्ये सत्तावीस नळ्या, सगळ्या सरळ, आणि एकीवरची चिठ्ठी वाकडी.

नावांची यादी मार्गदर्शक बाईंच्या कपाटात कुलपात होती. तिला यादी लागतच नव्हती. नळी मशीनला लावायची, दोन तास थांबायचं, पडद्यावर बघायचं. कुणालाही कळलं नसतं. जिवाला लागलेला घोर एका आकड्यानं मिटला असता… किंवा जन्माचा लागला असता. तिनं हातमोजे घातले. काढले. पुन्हा घातले. मग ते टेबलावर ठेवून ती सरळ बाईंच्या खोलीत गेली.

"या घराण्याचं काम मी करू शकत नाही, मॅडम. त्यातल्या एकावर माझा जीव आहे. आणि त्याची नळी मी ओळखते."

बाईंनी चष्मा काढला. "ती शाखा तुझ्या प्रबंधातून काढावी लागेल. दुसरं घराणं शोधावं लागेल. एक वर्ष जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे."

नळ्या शिवकुमारकडं गेल्या. तो तिचा प्रयोगशाळेतला सोबती, कलबुर्गीचा, भला मुलगा. पण त्यानंतर महिनाभर आरोहीनं त्याच्याबरोबर चहा घेतला नाही. वाकड्या चिठ्ठीची नळी कुणाची ते त्यानं ओळखलं असेल आणि त्याच्या तोंडावरून काही वाचता येईल, अशी तिला भीती वाटायची.

जानेवारीत येळवस आली. लोहाऱ्याच्या स्टँडवर तसंच सामसूम. तीच मोटारसायकल, तेच बिंदगं. तिनं न सांगता ते मांडीवर घेतलं. करडईच्या एका रानाशी तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. "थांबा. मला सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. वाकडी चिठ्ठी, हातमोजे, गेलेलं वर्ष. "मी बघितलं नाही. न बघताच आलेय. जे असेल ते असू दे."

वैजनाथ गाडीवरून उतरून तिच्यासमोर उभा राहिला. दोन्ही पाय जमिनीवर सरळ रोवलेले.

"आरोही," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "म्या मोजून घेतलं."

"कुठं?"

"हैदराबादला. डॉक्टर लोकं आधी तीनदा बोलावून नुसतं बोलत बसले, मन घट्ट हाय का बघायला."

"पण तुम्हाला तर नको होतं…"

"एकट्याला नकोच होतं. जलमभर मोजलं नसतं. पण तू न बघता माझ्या मागं येणार, हे मला दिसत होतं. तुझ्या डोळ्यावर पट्टी अन् हात माझ्या हातात… ते मला चालंना." त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं. "हाय माझ्यात. आता सांगितलं. आता तू मोकळी."

करडईच्या पानांवर वारा सरसरला. आरोहीच्या ओठांवर एकच शब्द आला: किती? त्या आकड्यावरून पाय कितव्या वर्षी जातील ते साधारण सांगता येतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचा हात खिशाकडं गेला. खिशात कागद होता.

"राहू दे," ती म्हणाली. "आकडा नको."

"तू शिकलेली हाईस त्यातली."

"म्हणूनच. आकडा कळला की मी रोज सकाळी तुझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघेन." तिनं बिंदगं नीट सावरलं. "आणि तू मला तू म्हणालास, वैजनाथ. आता मागं फिरता येत नाही… ना?"

त्याचे डोळे भरून आले होते. "न्हाय," तो म्हणाला. "येत न्हाय."

"मग चल. आंबील सांडतेय."

कोपीपाशी हरणाबाई वाट बघत उभी होती. धुळाप्पा, पाहुणे, शेजारी, सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि या दोघांवर येऊन थांबली. पदरानं कपाळ पुसत ती एवढंच म्हणाली, "आज कुणी कमी न्हाय. चला जेवाया."

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं. भूमच्या आईनं आधी चार महिने अबोला धरला आणि मग जावयाला उंडे करून वाढले. आरोहीला पदवी मिळाली ती एक वर्ष उशिरा, दुसऱ्या घराण्यावरच्या कामाला. शिवकुमार लग्नात पोटभर जेवला, शुभेच्छा देऊन गेला, आणि पुढं परदेशी गेला. त्यानं काय बघितलं होतं ते कधी ओठांवर आणलं नाही. धुळाप्पा तीन वर्षांमागं गेला. माळ आणि कार्ड, दोन्ही त्याच्याबरोबर दिली. हरणाबाई अजून आहे, मेंढरं अजून न मोजता राखते. आरोही सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि महिन्यातून एक दिवस लोहाऱ्यात, तोल जाणाऱ्या माणसांसाठी बसते. लेकराबाळांचं त्या दोघांनी आपसांत काय ठरवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक, विचारू नये. वैजनाथला गाव अजून डॉक्टर म्हणतं, आणि तो अजून न्हाय म्हणत नाही.

दर येळवशीला तो गाडी चालवतो आणि ती मागं बिंदगं धरून बसते. गेल्या येळवशीला मात्र हँडल आरोहीकडं होतं, आणि बिंदगं वैजनाथच्या मांडीवर. त्या करडईच्या रानापाशी त्याच्या हातून थोडी आंबील सांडली. रस्त्यात खड्डा होता… असेल. तिनं मागं वळून बघितलं नाही. नुसता एक हात मागं नेला, आणि त्यानं तो धरला.