आतलं माप

माजलगावात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत हबीब मिस्त्रीचं लेथचं दुकान, आणि बरोबर समोर मंगलमावशीचं चहाचं हॉटेल. दुकानातून हॉटेलातलं सगळं दिसायचं आणि हॉटेलात दुकानातलं सगळं ऐकू जायचं. त्यामुळं गल्लीत पेपर कुणी विकत घेत नसे.

हबीब गेल्यावर त्याची लेक यास्मिन दुकान चालवायला लागली. चालवायला म्हणजे उघडायला. सकाळी शटर वर, लेथवरची धूळ पुसायची, संध्याकाळी शटर खाली. काम कुणी आणत नव्हतं. हबीबचं माप चुकलं आणि त्या चुकीनंच तो मेला, असं ठेकेदार विजयसिंहनं गावभर सांगितलं होतं.

झालं होतं उलटं. गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि साखर कारखान्याच्या पंपाला नवा बुश बसवायचा होता. बुश म्हणजे पोकळ गोल. त्याच्या पोटातून पंपाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरतो. हबीबनं याच दुकानात, यास्मिनसमोर, तो आतून मापला आणि विजयसिंहला सांगितलं, "ढिला हाय. बसवू नगा." बुश विजयसिंहच्याच मालातला होता. त्यानं तोच बसवायला लावला. शाफ्ट निसटला तेव्हा शेजारी हबीब उभा होता.

मेलेला माणूस काही खोडून काढायला येत नाही, असा विजयसिंहचा अंदाज होता. अंदाज ठीकच होता, थोडा ढिला होता.

अब्बांचं बोअर गेज, भोकाचं आतलं माप घ्यायचं यंत्र, लाकडी डब्यात होतं. हातभर दांडी, वर घड्याळासारखी तबकडी, खाली दोन बाजूंना दोन खुंट्या. दांडी भोकात घातली की खुंट्या भिंतींना टेकून दबतात आणि काटा फिरतो, मिस्त्रींच्या भाषेत 'आत जातो'. बाहेर काढली की काटा जागेवर. हवेला भिंती नसतात, एवढी साधी गोष्ट.

एका दुपारी तेलपाणी करावं म्हणून यास्मिननं डबा उघडला, तर काटा फिरलेला. खुंट्या दबलेल्या. त्यांना काहीही टेकलेलं नव्हतं.

तिनं गेज हलवलं, फुंकर मारली, खुंट्यांवर रॉकेल सोडलं. काटा आणखी आत गेला, परत आला. थांबला. पुन्हा आत गेला. थोड्या वेळानं शांत झाला. दुसऱ्या दुपारी तेच. ती मिस्त्रीची पोरगी होती. तिनं आधी स्प्रिंगवर संशय घेतला, मग मळावर, मग उन्हावर, आणि सगळ्यात शेवटी अब्बांवर.

"त्या विजयसिंहाचं ऐकलं का?" मंगलमावशी चहा घेऊन आली. "नरड्याखाली भाकर उतरत न्हाई म्हनं. संभाजीनगरला नेलतं. दुर्बीण घालून बघितलं, तर समदं साफ."

"मग खातो काय?"

"वरणाचं पानी. पंगतीला बसतो आन् दुसऱ्याच्या पत्रावळ्या बघतो." मावशीची नजर गेजवर गेली. "ह्ये कावून हालतंय गं?"

यास्मिन समोर बघत होती. हॉटेलापुढं जीप उभी होती आणि आत बाकड्यावर बसून विजयसिंह चहा पीत होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढिली लोंबत होती. त्यानं घोट घेतला.

काटा आत गेला.

त्यानं दुसरा घोट घेतला. काटा आत गेला. मंगलमावशीनं पदर तोंडाला लावला आणि ती एकदम जाऊन लेथच्या पलीकडं उभी राहिली.

चहा अर्धा टाकून विजयसिंह रस्ता ओलांडून आला.

"पोरी, तुझ्या बापाचं ते यंत्र कुठंय?"

"कावून, भैय्यासाहेब?"

"आत कायतरी डोलतंय. इकडून तिकडं, हळूहळू. आन् मग आवळतंय."

गेज भोकात घालून हबीब असंच डोलवायचा, विजयसिंहनं ते बघितलेलं. सगळ्यात अरुंद जागा तशीच सापडते.

"दे ते मला. धरणात फेकतो."

"ते तुमच्या नरड्यात हाय, भैय्यासाहेब. धरणात फेकलं तर नरड्यात पानी भरंल."

विजयसिंहनं यावर खरोखर विचार केला. त्याची अवस्था एवढ्यावरून कळावी.

"मग काय करू?"

"हॉटेलात जावा. माप कुनाचं चुकलं ते सांगा."

तो गेला. बाकड्यावर चढला. सवयीनं हात जोडले.

"बंधूंनो, हबीबभाई मला भावासारखा. माप त्यानं बरोबर घेतलतं. पण वय झालतं बिचाऱ्याचं, नजर—"

काटा सरकन आत गेला.

विजयसिंहचं तोंड उघडंच राहिलं. चेहरा जांभळा पडला. कुणाच्या तरी हातातली बशी फुटली.

यास्मिन काट्याकडं बघत राहिली. काटा किंचित मागं आला. एक वाक्य मावेल इतपत.

"बुश माझा होता," विजयसिंह घोगरं बोलला. "त्यो न्हाई म्हनलता. मीच बसवायला लावला."

काटा हळूच जागेवर आला.

मंगलमावशीनं जाऊन त्याच्यापुढं भज्यांची प्लेट ठेवली. त्यानं भीत भीत एक गिळलं. मग दुसरं. डोळ्यांतून पाणी गाळत त्यानं प्लेट संपवली. एक शेतकरी मोटारीची पुली घेऊन दुकानात आला, "हबीबभाईचं माप कदीच चुकलं न्हाई" असं आयुष्यभर म्हणत आल्यासारखं म्हणाला आणि काम देऊन गेला.

यास्मिनला हवं होतं ते मिळालं. तिनं गेज पुसून डब्यात ठेवलं.

समोर विजयसिंह दुसऱ्या प्लेटीवर होता. कांदा मागत होता. कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून हसला.

यास्मिननं गेज परत बाहेर काढलं.

स्प्रिंग मोकळी झाली का, तेवढंच बघायचं होतं. तिनं दोन्ही खुंट्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरल्या. हळूच दाबल्या.

समोरचं हसणं थांबलं.

चिमटीतल्या गार पोलादातून कुणीतरी आवंढा गिळल्याचं बोटांना जाणवलं. यास्मिननं बोटं काढली नाहीत.