डाव्या अंगठ्याचा खळगा

माझ्याकडे अकरा सुऱ्या आहेत, पण रोज लागतात त्या तीनच. मिरच्या नि फळांना बोटभर लांबीची, टोमॅटोला दातेरी आणि बाकी सगळ्याला मैंदर्गीच्या बाजारातून आणलेली. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहारानं घडवलेली ती सुरी. काळसर पातं, बाभळीची मूठ. आमच्या सुरीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक जपानी सुऱ्यांचे फोटो टाकतात. मी हिचा टाकला होता. कांदा इतका अलगद कापायची, की डोळ्यांत पाणी येत नसे.

मी सोलापुरात एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना मापं घ्यायला शिकवते. जुळे सोलापूरला एकटीच राहते. स्वयंपाकाला सहा वर्षं पूनम येत होती.

मार्चमध्ये धार लावायला सुरी विजापूर वेशीत पीरसाबांकडे नेली. त्यांनी पातं उन्हात धरलं, मग मूठ हातात फिरवून पाहिली.

"जगदेवी मॅडम, घरात डावखुरं कोन हाय?"

"का?"

"ह्ये बघा की."

मुठीच्या उजव्या अंगाला अंगठ्याचा खळगा पडला होता. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा तिथं जातच नाही. पातंही झिजलं होतं. माझ्या वापरानं झिजावं त्याच्या किती तरी जास्त.

पूनम डावखुरी. या सुरीला हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. घरी येऊन विचारलं, तर तिनं कणकेचे हात तसेच वर धरले.

"आईच्यान ताई, न्हाय लावला. माजी विळी हाय की मला."

मी खळगा दाखवला. तिनं अंगठा जवळ नेला आणि पटकन मागं घेतला. मग हात धुतले, आपली विळी पिशवीत घातली आणि निघून गेली. मी थांबवलं नाही. पुरावा माझ्या हातात होता ना!

त्याच दिवशी मी व्हर्निअर कॅलिपरनं सुरी मोजली. पात्याची रुंदी मध्यावर चौतीस पूर्णांक दोन मिलिमीटर. कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली.

आठ दिवसांनी तेहतीस पूर्णांक नऊ.

व्हर्निअर तपासला. वर्कशॉपमधून दुसरा आणला. तेच. मग कपाटाच्या दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून वर सही केली. पुढच्या रविवारी पट्टी जशीच्या तशी होती. सुरी मात्र तेहतीस पूर्णांक सहावर आली होती. पातं नाकाजवळ नेलं, तर मेथीचा ताजा वास. महिनाभरात मी घरात मेथी आणली नव्हती.

घाबरले, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीपेक्षा पूनमचे ते वर धरलेले हात जास्त छळत होते. सहा वर्षं घरात वावरलेल्या बाईला मी खोटी ठरवलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत याचा छडा लावायचाच, असं ठरवून मी तिच्या घरी गेले. ती दारात आली, पण 'आत या' म्हणाली नाही.

"पूनम, माझं चुकलं. तू हात लावला नव्हतास."

"मग कुनी लावला?"

"तेच बघायला चल."

तिनं पायात चपला सरकवल्या.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर कपाट रिकामं केलं. मधल्या कप्प्यात चॉपिंग बोर्ड, त्यावर एक अख्खा कांदा, शेजारी सुरी. कुलूप तिनंच लावलं. किल्ली तिच्याच हातात. आम्ही दोघी कपाटासमोर खुर्च्या टाकून बसलो. बाहेर ऊन रखरखत होतं, तरी पंखा बंद केला. बारीकसा आवाजही ऐकू यायला हवा होता.

अर्धा तास काहीच नाही.

मग आतून टक् झालं.

पुन्हा टक्. मग टक् टक् टक्, एका लयीत. घाई नव्हती. स्वयंपाकाला बसलेल्या बाईचा रोजचा हात चालतो, तसा.

पूनमनं माझं मनगट धरलं. फटीतून कांद्याचा उग्र वास बाहेर आला.

"ताई, उगडू नका."

"उघडायचंच."

तिच्या घामेजल्या मुठीतून मी किल्ली काढून घेतली. कुलपाला लावली, तसा आवाज थांबला.

दार उघडलं.

सुरी स्वच्छ पुसून, धार भिंतीकडे करून ठेवलेली होती. अर्धा कांदा बारीक चिरून एका कडेला ओढलेला. उरलेला अर्धा, संध्याकाळसाठी ठेवावा तसा, पितळी वाटीखाली झाकलेला.

"ही वाटी..." पूनम कुजबुजली.

"माझी नाही."

तिनं बोट लावून पाहिलं. वाटी नुकतीच विसळलेली होती. कडेवरून पाणी अजून बोर्डावर ओघळत होतं.